कॅनमध्ये डिझेल मिळणार नाही

१

डिझेल संपलं म्हणून एखादी बाई मरते, हे द्वारकाबाई कर्णिकांना मान्यच नव्हतं. साप चावून मरते, औषध वेळेवर मिळालं नाही म्हणून मरते, हे समजू शकतं. पण पेपरात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘डिझेलअभावी टेंपो बंद, सर्पदंश झालेल्या महिलेचा वाटेतच मृत्यू’, आणि ते वाचून बाईंनी पेपर टेबलावर आपटला. डिझेलअभावी म्हणजे काय? डिझेल काय आपल्या पायांनी उठून चालतं झालं?

झालं होतं ते असं. कुंभिवलीच्या मागच्या वाडीत राहणारी सुंदरा दसऱ्याच्या दुपारी शेतात गेली. नव्या भाताच्या लोंब्या आणून दाराला बांधायच्या, एवढंच काम. बांधावर तिला साप चावला. तिचा नवरा विठू आणि शेजारचा हरेश यांनी तिला हरेशच्या टेंपोत बसवलं आणि खोपोलीचा रस्ता धरला. शिळफाट्याच्या अलीकडे टेंपोने आचके दिले आणि तो उभा राहिला. टाकी कोरडी. विठू रिकामा कॅन घेऊन मागे राहिलेल्या पंपाकडे धावला, आणि रिकामाच कॅन घेऊन परत आला. रुग्णवाहिका दुसऱ्या कुणाला आणायला गेलेली. हायवेवरून गाड्या झेंडूच्या माळा मिरवत भुर्रकन निघून जात होत्या. अखेर एक थांबली, पण तोवर सुंदरा गेली होती.

विठूने तिथेच रस्त्यावर हरेशला मारलं. ‘आजारी माणूस बसवलंस आणि टाकीत थेंब नाही?’ हरेश शपथेवर सांगत होता की आदल्या सकाळीच पाचशेचं डिझेल भरलं, घरी आलो, त्यानंतर टेंपो जागचा हलला नाही. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? विठूने तक्रार दिली. पोलिसांनी हरेशला ठाण्यावर बसवलं. निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा गुन्हा दाखल होणार, असं वाडीभर झालं.

वाडीतल्या दुसऱ्या गटाचं म्हणणं वेगळं होतं. हरेश खरं बोलतो, पंपवाल्यानेच माप मारलं. पोरं दगड घेऊन पंपावर जाऊन आली होती, आणि म्हणूनच पंपाच्या मालकाने कर्जतला आपल्या आत्याला फोन लावला.

“आत्या, तू वजनमाप खात्यात उभा जन्म काढलास,” अजेय म्हणाला. “तुझ्या शब्दाला इथं अजून मान आहे. एकदा येऊन माप तपास आणि चार लोकांसमोर सांग. नाहीतर हे लोक माझा पंप जाळतील.”

अजेय हा द्वारकाबाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, तेव्हा लग्न न केलेल्या बाईंनीच या पोराला हाताशी धरलं होतं. त्या लगेच निघाल्या. भाच्याला वाचवायला निघालो आहोत, असं निदान तेव्हा तरी त्यांना वाटत होतं.

२

पंपावर पाऊल टाकताच बाईंची नजर फलकावर गेली, आणि तिथूनच त्यांचं डोकं तापायला सुरुवात झाली.

‘दुचाकीस दोनशे रुपये. चारचाकीस पाचशे रुपये. सणाच्या दिवशी ऑनलाइन पेमेंट बंद. कॅनमध्ये डिझेल मिळणार नाही. आदेशावरून.’

“कुणाच्या आदेशावरून?” बाईंनी विचारलं.

“वरून आहे, आत्या.”

“वर कोण? इंद्र?”

अजेय हसला. त्याला हसून वेळ मारून न्यायची लहानपणापासून सवय. “अगं, भाव कसे चढतायत बघतेस ना? दसऱ्यानंतर मोठी वाढ होणार म्हणून टीव्हीवाले दोन महिने ओरडत होते. लोक टाक्या, पिंपं भरायला धावले. मर्यादा घातली नसती तर एका दिवसात खडखडाट झाला असता.”

दसऱ्याची पूजा पंपावर अजून जागोजागी दिसत होती. मशिनांवर हळदकुंकवाची बोटं, हवेच्या नळाला आंब्याची पानं, केबिनच्या दाराला तोरण. जमिनीतल्या टाक्यांची लोखंडी झाकणंसुद्धा सोडली नव्हती. पेट्रोलच्या झाकणावरची माळ तुटून बाजूला पडली होती. डिझेलच्या झाकणावरची कडी-कुलपातून ओवलेली होती, फुलं वाळून काळपट झाली होती. लक्ष्मी जिथून येते तिथे फूल वाहायचं, एवढा धर्म अजेयने पाळला होता.

बाईंनी पंपावरचं शिक्क्याचं पाच लिटरचं माप मागवलं. पंपावर डिझेल सोडण्याचं काम करणारा सहदेव ते घेऊन आला. वाडीतली चार माणसं जवळ येऊन उभी राहिली. डिझेल मापात पडत गेलं आणि बरोबर खुणेवर थांबलं. बाईंनी पुन्हा एकदा करायला लावलं. पुन्हा बरोबर.

“माप चोख आहे,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “मापात एक थेंब मारलेला नाही.”

अजेयने सुटकेचा श्वास टाकला. सहदेवने मात्र मान वर केली नाही. माप पुसायला लागला आणि पुसतच राहिला.

“विठू कॅन घेऊन आला, तेव्हा त्याला डिझेल का दिलं नाही?” बाईंनी विचारलं.

“संपलं होतं,” सहदेवच्या आधी अजेयच बोलला. “दसऱ्याला सकाळीच संपलं. टँकर दुसऱ्या दिवशी आला. आत्या, मी काय दगड आहे? असतं तर मी स्वतः जाऊन ओतलं असतं.”

बाईंनी मान डोलावली. काम झालं होतं. त्यांना घरी जायला हरकत नव्हती. पण स्कूटरला किल्ली लावताना त्यांचा हात थांबला. माप बरोबर, म्हणजे हरेशला पाचशेचं डिझेल पुरेपूर मिळालं. टेंपो घरून हलला नाही, हे वाडीतले सगळे सांगतात. टाकीला गळती नाही, हे पोलिसांनी पाहिलंय. आणि तरी टाकी कोरडी. मग मधल्या रात्री ते डिझेल प्यायलं कुणी?

३

विठूच्या अंगणात बसायला घोंगडी अंथरली होती. विठू भिंतीला टेकून बसला होता. मोठ्या अंगाचा, कंपनीत पाळीवर जाणारा माणूस, पण डोळे सुजून बारीक झाले होते.

“तुमी पंपवाल्याच्या आत्या ना?” तो म्हणाला. “मंग तुमी त्याच्याच बाजूनं बोलणार.”

“मी कुणाच्या बाजूने बोलते ते शेवटी बघ,” बाई म्हणाल्या. “पंपावर काय झालं ते सांग. आधी काय, मग काय, तसंच्या तसं.”

विठूने दात आवळले. “काय सांगू? धावत गेलो. कॅन पुढं केला. सहदेव म्हणाला, कॅनात देत नाय. मी पाया पडलो त्याच्या. म्हणालो, बायकोला साप चावलाय रं, एक लिटर दे. तर म्हणाला, रोख हाय का? माझ्याकडं सगळं फोनवरच. तर म्हणाला, सणाचं ऑनलाइन बंद हाय. मी फोनच त्याच्या हातात कोंबला. म्हणालो, हा ठेव तुझ्याकडं, पण दे. तवा मंग केबिनकडं बघितलंन अन म्हणाला, डिझेलच नाय, संपलंय.”

“केबिनमध्ये कोण होतं?”

“तुमचा भाचा. काचेच्या मागं.”

 बाईंना आत कुठेतरी काहीतरी टोचलं, पण काय ते त्या क्षणी हाती लागेना.

“पर हरेशला मी सोडणार नाय,” विठू उठला. “त्यानं टाकीत बघितलं असतं तर माझी सुंदरा आज घरात असती.” आणि तो मागच्या दाराने निघून गेला.

आता अंगणात विठूची आई येसूबाई एकटी उरली. बाईंनी सहज नजर फिरवली. येताना वाटेतल्या खाचरांत त्यांनी कापलेलं भात आडवं पडलेलं पाहिलं होतं. आभाळ भरून येत होतं तरी मळण्या झाल्या नव्हत्या, कारण डिझेलविना मळणीयंत्रं बंद. कॅनमध्ये मिळत नाही, आणि मळणीयंत्राला काही चाकं लावून पंपावर उभं करता येत नाही. हे नियम ज्या डोक्यांतून निघतात, त्या डोक्यांना एकदा चिखलात उभं करून भात झोडायला लावलं पाहिजे, असं बाईंना मनापासून वाटलं.

विठूच्या पडवीत मात्र भाताची पोती उभी होती, आणि अंगणाच्या कोपऱ्यात पेंढ्याचा ढीग.

“तुमची मळणी उरकली वाटतं?” बाईंनी विचारलं. “यंत्रावर का?”

“कसलं यंत्र अन कसलं काय,” येसूबाई घाईने म्हणाली. “यंत्र बचत गटाचं. सुंदराच सांभाळायची. पर डिझेल कुठं हाय? आमी सासवासुनांनी हातानंच झोडलं. विठू पाळीवर हुता.”

बाईंनी ढिगातला मूठभर पेंढा उचलला. हाताने झोडलं की पेंढा लांबच्या लांब राहतो, त्याच्या पेंढ्या बांधता येतात. मुठीतला पेंढा चुरून, तुटून गेला होता. हे यंत्राच्या दातांचं काम होतं, आणि यंत्र डिझेलवर चालत होतं.

म्हातारी धडधडीत खोटं बोलत होती. बाईंनी वर पाहिलं, तर येसूबाईने पदर तोंडाशी धरला होता.

४

बाईंनी म्हातारीला तिथे धरलं नाही. घरात मरण झालेलं असताना म्हाताऱ्या बाईच्या मानगुटीवर बसायचं नसतं, आणि नुसत्या पेंढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्या दोन घरं सोडून हरेशकडे गेल्या.

हरेशची बायको हर्षला तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती थेट दसऱ्याच्या सकाळी परत आली. सासरच्या उंबरठ्यावर बाळाचं पहिलं पाऊल पडलं आणि त्याच संध्याकाळी बाप ठाण्यावर गेला. पांढऱ्या पायाचं पोर, असं कुणीतरी बोललंही होतं. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

“बाई, आमच्यांनी पैसे खाल्ले नायत,” ती म्हणाली. “एक हा टेंपो हाय. तो बी पोलिसांनी पंचनामा करून आत्ता आणून लावला. आमच्यांना आत टाकलं तर मी या पोराला घेऊन कुणाच्या दारात उभी राहू?”

टेंपो अंगणातच होता. काचेवर आडवं बांधलेलं दसऱ्याचं तोरण कोमेजून लोंबत होतं. एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून त्यातली आंब्याची वाळकी पानं ओढत होती.

“टाकीत किती आहे हे हरेशला कळत नाही का? काटा असतो ना?”

“काटा कवाचा मेलाय. आमच्यात काट्यावर कोण चालतंय? पाचशेचं टाकलं की कुठवर जातं ते ठरलेलं असतं. आता भाव चढले तसं ते कमी कमी होत चाललंय, त्याचा बी ते हिशोब धरतात.”

बाई शेळीकडे बघत होत्या. तिने एका बाजूची आंब्याची पानं संपवली, भाताच्या लोंब्या ओरबाडल्या, मग मधल्या एका डहाळीला तोंड लावलं आणि शिंकरून मान फिरवली. बाई जवळ गेल्या. झेंडू, आंबा, लोंब्या, आणि मध्येच निरगुडी. उग्र वासाची, बांधावर माजणारी निरगुडी. दसऱ्याच्या तोरणात निरगुडी कोण घालतं?

“ही तू बांधलीस?”

“हा. मी सकाळी आले, टेंपो धुतला. तर वायपरला ही खोचलेली. मला वाटलं दसऱ्याचा पाला हाय, कुणी हौसेनं लावला असंल. सणाचं टाकून कसं द्यायचं? म्हणून तोरणातच बांधून टाकली. का? काय वाईट झालं का?”

“हरेशने वायपरवर पाहिली होती?”

“नाय. ते झोपले हुते. उठले तवा तोरण बांधून झालं हुतं.”

बाईंनी तडक ठाणं गाठलं. हरेश बाकावर बसून चहा पीत होता. त्याचा ओठ फुटला होता. बाईंनी ना नाव सांगितलं, ना गाव.

“हरेश, तुझ्या टेंपोच्या वायपरला दसऱ्याच्या सकाळी निरगुडी खोचलेली होती.”

हरेशच्या हातातला चहा अंगावर सांडला. त्याने तो पुसलाही नाही.

“नाय,” तो म्हणाला. “नाय बाई. असं बोलू नका. निरगुडी नव्हती.”

५

सांगताना तो लहान मुलासारखा रडत होता.

“पाचशेच्या वर देत नायत, कॅनात देत नायत. मंग मशिनं चालवायची कशावर? तर वाडीनं ठरवलं. ज्याच्या गाडीत हाय त्यानं द्यायचं. आज माझं, उद्या तुझं. रातीबेराती कुणाला उठवत बसायचं नाय. टाकीत नळी घालायची, लागंल तेवढं घ्यायचं अन वायपरला निरगुडी खोचायची. शेरडं खात नायत, म्हणून निरगुडी. सकाळी गाडीवाला बघतो, त्याला कळतं टाकी उतरली. मंग त्यानं पंपावर जायचं, भरायचं, अन भरल्यावरच डहाळी काढायची. डहाळी हाय तवर गाडी लांब न्यायची नाय.”

“हे तुझ्या बायकोला ठाऊक नव्हतं.”

“ती माहेरी हुती. हे सगळं मागल्या दोन महिन्यांतलं.”

“आणि पोलिसांना तू का सांगितलं नाहीस?”

“काय सांगणार? पाला दिसला नाय म्हंजे कुणी घेतलं नाय. आमच्या वाडीत बिनपाल्याचं कुणी घेत नाय, बाई. अन तोंड उघडलं असतं तर सगळ्या वाडीवर आलं असतं, की हे चोरून साठे करतात.”

घ्या! ज्यांनी उसनवारीतसुद्धा इमान ठेवलं, ते पोलिसांना घाबरत होते. द्वारकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अजून एक गोष्ट विचारायची होती, आणि त्यांनी ती अगदी हळू विचारली.

“वाटेत सुंदरा काही बोलली?”

“बोलणार कशी? जीभ जड झालेली. डोळे मिटत हुते. ती मधी बसलेली, माझ्या अन विठूच्या. पंप मागं पडला अन तिनं हात वर केला. समोर काचेकडं. सारखी करत हुती. वर देवीचा फोटो हाय माझ्या. मला वाटलं, देवीला हात जोडते. मी म्हणालो, वैनी, देवी हाय पाठीशी.” हरेश थांबला. त्याने बाईंकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

त्यालाही कळलं होतं. देवीचा फोटो वर होता, पण तोरण समोर होतं. झेंडूत झाकलेली ती डहाळी ओळखायला, ती स्वतः खोचलेली असावी लागते. डहाळी अजून काढलेली नाही म्हणजे टाकी भरलेली नाही. सुंदराला ते दिसलं होतं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

“वैनीनं घेतलं हुतं?” हरेश पुटपुटला. “मंग असू दे, बाई. विठूला सांगू नका. तो मरून जाईल. मी भोगतो काय ते.”

“तू गप्प बस,” बाई म्हणाल्या. “चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मी निवृत्त झाल्यावरसुद्धा चालू देणार नाही.”

पण बाहेर येऊन स्कूटरजवळ त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. हरेशला सोडवायचं तर सुंदराचं नाव घ्यावं लागणार होतं. तिच्या नवऱ्यासमोर. हे कसं सांगायचं, आणि सांगून थांबायचं कुठे? कारण मघाशी विठूच्या अंगणात जे टोचलं होतं, ते आता हाती लागलं होतं. ते सुंदरापाशी थांबत नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना पंपावरच बोलावलं. तपास करणारे हवालदार हरेशला घेऊन आले. विठू आणि येसूबाई आले, बाळाला घेऊन हर्षला आली. सहदेव मशीनजवळ उभा राहिला. आत्याने कालच माप चोख ठरवलेलं, त्यामुळे अजेयने सगळ्यांना चहा सांगितला.

बाईंनी चहाला हात लावला नाही. त्यांनी निरगुडीची ती वाळकी डहाळी पुढे धरली आणि वाडीची रीत, हर्षलाची चूक, काचेकडे वर झालेला सुंदराचा हात, सगळं एका दमात सांगितलं. विठू ऐकत होता. ‘सुंदराने घेतलं’ हे शब्द येताच तो उसळून उठला.

“मेलेल्या माणसावर आळ घेता? पंपवाल्याच्या आत्या ना तुमी!”

“खाली बस रं,” येसूबाई म्हणाली.

तिचा आवाज इतका कोरडा होता की विठू खरंच बसला.

“मीच धाडली तिला. आभाळ भरलेलं. भात अंगणात पडलेलं. तू पाळीवर. ती मला म्हणाली, हरेशभावजींची टाकी आज सकाळीच भरली, घेऊ का? मी म्हणाले, घे. नळी मी धरली. डहाळी तिनं खोचली, माझ्या डोळ्यांदेखत. लोक म्हणतील सून आपल्या हातानं मेली, म्हणून मी गप बसले. अन त्या पोराला मार खाताना बघत बसले. माझं तोंड जळो.”

हर्षला मोठ्याने रडायला लागली. “मी टाकून दिली असती तर... नाय, जागेवर ठेवली असती तर...”

“तुझी चूक नाही,” बाई म्हणाल्या. “येसूबाईंची नाही, सुंदराची तर नाहीच. शेजाऱ्याकडून उसनं घेतलं आणि खूण ठेवली, याला जगात कुठे गुन्हा म्हणत नाहीत.”

विठू हातात डोकं धरून बसला होता. हवालदारांनी टोपी काढली. आणि अजेयने घसा साफ केला.

“वाईट झालं,” तो म्हणाला. “पण बरं झालं, उलगडा झाला. म्हणजे पंपाचा यात काही संबंध नाही, हे आता सगळ्यांना—”

“तू थांब!” द्वारकाबाई इतक्या जोरात ओरडल्या की रस्त्यापलीकडची माणसं वळून बघायला लागली. “टाकी का रिकामी होती ते सांगून झालं. ती परत का भरली नाही, ते आता सांगते. विठू, सहदेवने तुला पहिलं कारण काय दिलं?”

“कॅनात देत नाय,” विठू वर न बघता म्हणाला.

“मग रोख नाही. मग ऑनलाइन बंद. आणि तू फोन काढून दिलास तेव्हा, डिझेल नाही. अरे, ज्याच्याकडे डिझेलच नाही, तो आल्या माणसाला पहिल्यांदा काय सांगेल? संपलंय, असंच ना? कॅन चालत नाही, ऑनलाइन चालत नाही, हे तोच सांगतो ज्याच्याकडे माल असतो आणि द्यायचा नसतो. पळवाटा संपल्या तेव्हा मालसुद्धा संपला!”

“आत्या, हा नुसता तर्क आहे,” अजेय हसला. तेच हसू.

“मग हे बघ.” बाई भराभरा चालत टाक्यांच्या झाकणांपाशी गेल्या. “ही पूजा दसऱ्याच्या सकाळची. पेट्रोलचं झाकण बघा, टँकरचा पाइप लावायला उघडलं, म्हणून माळ तुटून पडली. आता डिझेलचं बघा. माळ कडीतून आणि कुलपातून ओवलेली. फुलं वाळली, पण दोरा अखंड आहे. तो तोडल्याशिवाय हे झाकण उघडत नाही. म्हणजे दसऱ्यापासून या टाकीत टँकरने एक थेंब ओतलेला नाही. आणि काल सहदेवने माझ्या डोळ्यांसमोर मापात डिझेल सोडलं. ते कुठून आलं, अजेय? भूमातेने दिलं?”

अजेयचं हसू पुसलं गेलं. हवालदार खाली वाकले आणि त्यांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं.

“सहदेव,” बाई म्हणाल्या.

सहदेवला जणू कुणी विचारायचीच खोटी होती. “हुतं,” तो म्हणाला. “अर्ध्या टाकीच्या वर हुतं. शेठ म्हणाले, उद्या भाव चढणार हायत, आज कुणाला सोडायचं नाय. नियम सांगायचे. लयच झालं तर संपलं म्हणायचं. मी केबिनकडं बघितलं, बाई. विठू पाया पडत हुता तवा मी दोनदा बघितलं. शेठनी मान हलवली. माझी पोरं शाळेत हायत. मी संपलं म्हणालो.”

 हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“सगळेच थांबवतात,” अजेय म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “भाव चढायच्या आदल्या दिवशी कुठलाही पंपवाला... मला काय माहीत खरंच साप चावलाय ते? लोक काय वाट्टेल ते सांगतात. आत्या, हा धंदा आहे. तू घरातली आहेस. हे घरात बोलू.”

विठू उठला. हरेशने त्याचा दंड धरला, कारण सगळ्यांनाच वाटलं की आता हा अजेयला तुडवणार. विठूने हरेशचा हात बाजूला केला, पण हिसडा देऊन नाही. तो अजेयच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

“मला एक लिटर पायजे हुतं, शेठ,” तो म्हणाला. “एकच.”

अजेयने मान खाली घातली. मग तो हवालदारांकडे वळला आणि काहीतरी बोलू लागला, ओळखीच्या माणसांची नावं घेऊ लागला. द्वारकाबाई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

“हरेशला सोडा,” त्या हवालदारांना म्हणाल्या. “आणि कागद काढा. फिर्याद माझी घ्या. आरोपीचं नाव लिहा, अजेय कर्णिक. नातं विचारलंत तर सख्खा भाचा.”